‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यांचा हिशेब

रविवार, २० नोव्हेंबर १९५५. गिरगाव चौपाटीवर काँग्रेसची जाहीर सभा भरली होती. व्यासपीठावर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते आणि मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील होते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही, हा त्या वेळी शहरातला सर्वांत ज्वलंत प्रश्न होता. दहा दिवसांपूर्वीच काँग्रेसच्या कार्यकारिणीने त्रिराज्य योजना पुढे केली होती. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहराचं तिसरं, स्वतंत्र राज्य, अशी ती योजना. गिरण्यांत, चाळींत, गोदीत लोक संतापलेले होते. त्यांची समजूत घालण्यासाठी ही सभा होती, असं मानलं तर तिथे जे बोललं गेलं ते नेमकं उलट होतं.

स. का. पाटलांनी सांगितलं की पाच हजार वर्षं गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. काही आठवणींत त्याच विधानाचं रूप ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असं नोंदलेलं आहे. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर नाही, असा त्याचा अर्थ. मोरारजींनी आपल्या पक्षाच्या आयुष्याची हमी दिली. काँग्रेस जिवंत आहे तोवर हे घडणार नाही, आणि गुंडगिरीला योग्य ते उत्तर मिळेल, असं ते म्हणाले. श्रोते खवळले. चपला-दगड व्यासपीठाच्या दिशेने भिरकावले गेले आणि सभा उधळली गेली.

दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, मुंबईत संप झाला. कामगारांचे जथे विधानसभेच्या दिशेने निघाले. फ्लोरा फाउंटनच्या चौकात पोलिसांनी गोळीबार केला आणि १५ माणसं मेली. आदल्या संध्याकाळच्या दोन वाक्यांमुळेच हा गोळीबार झाला असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. असंतोष आधीपासून साठलेला होता. पण राज्याचा मुख्यमंत्री आपल्याच नागरिकांच्या मागणीला गुंडगिरी म्हणतो, तेव्हा त्याच्या हाताखालच्या पोलिसांपर्यंत काय संदेश जातो, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

१९५७ ची सार्वत्रिक निवडणूक तेव्हा सव्वा वर्षावर होती. पुढच्या सगळ्या प्रचारात, पुण्याच्या पेठांपासून कोकणातल्या वाड्यांपर्यंत, चौपाटीवरची ही वाक्यं लोकांच्या तोंडी होती. नेते एकेक वाक्य बोलून पुढे जात होते आणि मतदार ते जपून ठेवत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर आपण पुष्कळ लिहिलं, गायलं. त्या पाच वर्षांत नेते काय काय बोलले, त्यांनी किती वेळा शब्द फिरवला, आणि लोकांनी त्याचा निकाल कसा लावला, ही गोष्ट मात्र सलग सांगितली पाहिजे. आजच्या मतदाराला तिचा उपयोग आहे.

जुनं वचन

काँग्रेसची ही कोलांटउडी १९५५ मध्ये सुरू झाली नव्हती. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतांचं तत्त्व मान्य केलं आणि आपली संघटनाच त्या पायावर उभी केली. लोकांना त्यांच्या भाषेत राज्यकारभार मिळाला पाहिजे, हे १९२८ च्या नेहरू अहवालातही आलं. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावला भरलेल्या साहित्य संमेलनाने, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राची मागणी केली, तेव्हा त्यात बंडखोरीचं काही नव्हतं. काँग्रेस जे पाव शतक सांगत आली होती, तेच लेखकांनी मागितलं होतं.

स्वातंत्र्य आलं आणि सूर बदलला. १९४८ च्या डिसेंबरात दार कमिशनने भाषावार प्रांतरचनेला विरोध केला. त्यानंतर नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या समितीने हा प्रश्न पुढे ढकलावा असं सुचवलं. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, संस्थानं विलीन होत होती, देश एकसंध राहील की नाही ही धास्ती खरी होती. हे सगळं मान्य केलं पाहिजे. पण ज्या पक्षाने लोकांना हे तत्त्व शिकवलं, त्याने आता तेच तत्त्व मागणाऱ्यांना संकुचित म्हणायला सुरुवात केली. लोकांना खरा चटका याचा बसला. मग आंध्रसाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलू १५ डिसेंबर १९५२ ला गेले, तेलुगू मुलखात उद्रेक झाला आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य निर्माण झालं. शब्दाने मागितलं की मिळत नाही, माणूस मेला की मिळतं, हा धडा दिल्लीने स्वतःच्या वागण्यातून साऱ्या देशाला दिला.

काँग्रेसच्या संघटनेत आणखी एक मेख होती. महाराष्ट्राची प्रांतिक समिती वेगळी होती, गुजरातची वेगळी, आणि मुंबई शहराची आणखी वेगळी. या मुंबईच्या समितीवर स. का. पाटलांचा वर्षानुवर्षं ताबा होता. पाटील सावंतवाडीकडचे, अस्सल कोकणी मराठी माणूस. १९४९ ते १९५२ असे सलग तीन वेळा ते मुंबईचे महापौर होते. शहरातल्या व्यापारी आणि उद्योगपतींचा पैसा त्यांच्या शब्दावर पक्षाकडे येत असे. ‘मुंबईचा अनभिषिक्त राजा’ असं त्यांना म्हटलं जाई. मुंबई महाराष्ट्रात गेली तर हे वेगळं संस्थान राहणार नव्हतं. त्यांच्या ‘पाच हजार वर्षां’मागे राष्ट्रीय एकात्मतेची भाषा होती, आणि त्या भाषेच्या मुळाशी हा ताबाही होता.

पाच वर्षांत पाच भूमिका

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या आयोगाने देशभर भाषेचं तत्त्व बहुतांशी मानलं, मुंबईपुरतं मात्र नाकारलं. गुजराती आणि मराठी मुलूख एकत्र ठेवून द्वैभाषिक राज्य करावं आणि विदर्भ वेगळा ठेवावा, अशी त्याची शिफारस होती. महिन्याभरात काँग्रेसने ती बाजूला सारून त्रिराज्य योजना आणली. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की मुंबई केंद्रशासित होईल. त्या आठवड्यात मुंबई पुन्हा पेटली, पुन्हा गोळीबार झाले आणि या वेळी बळींची संख्या नोव्हेंबरच्या कितीतरी पट होती. चळवळीतल्या हुतात्म्यांचा १०५ हा आकडा मराठी माणसाच्या तोंडी बसला तो याच काळात.

जून १९५६ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली. तिथल्या भाषणात नेहरूंनी सांगितलं की मुंबई पाच वर्षं केंद्राच्या ताब्यात राहील आणि मग तिथल्या लोकांना निर्णय घेता येईल. ही घोषणा ऐकून त्यांच्याच मंत्रिमंडळातले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख अस्वस्थ झाले, कारण मंत्रिमंडळात या प्रस्तावाचा विचारच झालेला नव्हता.

देशमुखांचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. रोह्याकडचा हा माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, आय.सी.एस. परंपरेत घडलेला, रस्त्यावरच्या राजकारणापासून दूर. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते. २५ जुलै १९५६ ला त्यांनी लोकसभेत राजीनाम्याची कारणं सांगितली. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात चर्चेला न आणता जाहीर झाला, ही पद्धत घटनेला धरून नाही, आणि मुंबईतल्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे दोन मुख्य मुद्दे होते. महाराष्ट्राविषयी आकस आहे, असंही त्यांनी सुनावलं. नेहरूंनी उत्तरात पंतप्रधानाच्या अधिकाराचा मुद्दा मांडला. पंतप्रधानाला धोरणाविषयी बोलता येत नाही, हे त्यांना मान्य नव्हतं.

दोघांचेही युक्तिवाद वाचले की एक गोष्ट ठळक होते. देशमुखांनी आवाज चढवला नाही, कोणाला शिवी दिली नाही, पाच हजार वर्षांची भाषा केली नाही. त्यांनी फक्त निर्णय कसा झाला हे सभागृहात नोंदवलं आणि पद सोडलं. त्या काळात मराठी मनाला जो आधार मिळाला, तो शंभर जळजळीत भाषणांनी मिळाला नसता. बोलण्याला किंमत कशामुळे येते, याचा हा धडा होता. देशमुखांच्या शब्दामागे त्यांनी सोडलेलं पद होतं.

राजीनाम्याची शाई वाळायच्या आत दिल्लीने पुन्हा भूमिका बदलली. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने त्रिराज्यही नको, केंद्रशासित मुंबईही नको, असं ठरवून विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ यांच्यासह एक प्रचंड द्वैभाषिक मुंबई राज्य मंजूर केलं. दहा महिन्यांत चौथी भूमिका. प्रत्येक वेळी हाच अंतिम तोडगा असं सांगितलं गेलं आणि प्रत्येक वेळी विरोध करणाऱ्यांना देशविघातक ठरवलं गेलं. तोडगा बदलला तेव्हा मात्र ज्यांना तसं म्हटलं होतं त्यांची कोणी क्षमा मागितली नाही.

अहमदाबादचा आरसा

मोरारजींना या काळाचा सर्वांत कठोर धडा मराठी माणसाने दिला नाही, तो त्यांच्या गुजरातने दिला. द्वैभाषिक जाहीर होताच अहमदाबादचे विद्यार्थी ८ ऑगस्ट १९५६ ला काँग्रेस भवनासमोर जमले. तिथेही गोळीबार झाला आणि तरुण मेले. इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ उभी राहिली. मोरारजी समजूत घालायला गेले, उपोषणाला बसले, तर अहमदाबादकरांनी स्वतःहून ‘जनता कर्फ्यू’ पाळला. सभा घ्यायची, पण ऐकायला कोणी घराबाहेर यायचं नाही.

गुंडगिरी हा मराठी कामगारांचा स्वभाव आहे, असं ज्यांना मुंबईत वाटत होतं, त्यांना अहमदाबादमध्ये, आपल्याच भाषेच्या मुलांत तोच संताप दिसला. याज्ञिक १९५७ मध्ये अहमदाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. मोरारजी नोव्हेंबर १९५६ मध्येच मुंबई सोडून केंद्रात मंत्री झाले होते. मराठी आणि गुजराती हे दोन भाऊबंद मुलूख एकमेकांच्या विरोधात लढत होते, असं चित्र आजही काही जण रंगवतात. ते खरं नाही. दोन्हीकडची जनता एकच मागत होती आणि दोन्हीकडे तिला एकाच तोंडाने नाही म्हटलं जात होतं.

फलटण, कऱ्हाड आणि गाडगिळांची पेठ

महाराष्ट्रातल्या काँग्रेसजनांची कुचंबणा वेगळी होती. त्यांची मनं लोकांबरोबर होती आणि तिकिटं पक्षाची होती.

१९५५ च्या अखेरीस यशवंतराव चव्हाणांनी फलटणला जे सांगितलं ते पुढे त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांच्यात निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंच्या बाजूने राहीन, असा त्याचा आशय होता. लोकांनी ते एका ओळीत आणलं: यशवंतरावांना महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे वाटतात. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांतून त्यांना ‘सूर्याजी पिसाळ’ म्हटलं गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री झाले आणि हे राज्य यशस्वी करून दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. प्रचारात त्यांना ते मनापासून मांडावंही लागलं.

काकासाहेब गाडगीळांचं तर आणखी अवघड झालं. संसदेत त्यांनी निक्षून सांगितलं होतं की मुंबईच्या प्रश्नाचा निकाल मुंबईच्या रस्त्यांवर लागेल. मंत्रिपद भूषवलेल्या ज्येष्ठ काँग्रेस नेत्याचे हे शब्द होते. पण १९५७ ची निवडणूक त्यांनी पुण्यातून काँग्रेसच्याच तिकिटावर लढवली. ज्या भूमिकेवर आपण सभागृहात तुटून पडलो, त्याच भूमिकेच्या चिन्हावर मत मागायचं, ही विसंगती पुणेकरांनी पाहिली. समितीच्या ना. ग. गोऱ्यांनी त्यांचा पराभव केला. गाडगीळांच्या तळमळीविषयी कोणाला शंका नव्हती. मतदारांनी विचारलेला प्रश्न साधा होता: तुमचं म्हणणं आणि तुमचा पक्ष यांत तुम्ही कोणाला निवडलंत?

समितीच्या तोफा

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, केशवराव जेधे, उद्धवराव पाटील, दादासाहेब गायकवाड अशी माणसं एका मांडवात आली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, हिंदू महासभा आणि जनसंघ या पक्षांचं एरवी एकमेकांशी जमत नव्हतं. मुंबई हवी, एवढ्या एका मागणीने त्यांना बांधून ठेवलं होतं.

आणि आचार्य अत्रे होते. १५ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी ‘मराठा’ हे दैनिक काढलं. निवडणुकीच्या तोंडावर समितीला स्वतःचा आवाज मिळाला. अत्र्यांची सभा म्हणजे हजारोंचा समुदाय, रात्र सरली तरी लोक हलत नसत. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांचं शाहिरी पथक गिरणगावात आणि गावोगाव फिरत होतं. प्रबोधनकार ठाकऱ्यांची लेखणी चालू होती. चौपाटीवरच्या वाक्यांना उत्तर देण्याचं काम या मंडळींनी केलं.

पण खरं लिहायचं तर दोन्ही बाजूंचं लिहिलं पाहिजे. अत्र्यांनी मोरारजींना ‘नरराक्षस’ म्हटलं. समितीच्या व्यासपीठांवरून विरोधकांच्या घरादारावर, रूपावर, जातीपातीवरही बोललं गेलं. गोळीबारात माणसं गेल्यावर तोंडून निघणारे शब्द मोजून-मापून येत नाहीत, हे मी समजू शकतो. तरीही मराठी राजकारणातल्या भाषेचा जो तोल नंतर ढळत गेला, त्याची एक मुळी या काळात आहे, हे मान्य करायला हवं. अत्र्यांची सर्जनशीलता ज्यांच्यात नव्हती, त्यांनी त्यांची फक्त शिवी उचलली. आणि तीच पुढच्या पिढ्यांना वारसा म्हणून मिळाली.

याच अत्र्यांनी १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर ‘मराठा’त त्यांच्यावर सलग लेख लिहिले, जे पुढे ‘सूर्यास्त’ नावाने पुस्तकरूपात आले. ज्या नेहरूंना काळे झेंडे दाखवले, त्यांच्यासाठी हा माणूस मोकळेपणाने रडला. मी याला दुटप्पीपणा म्हणत नाही. एका प्रश्नावर माणसाशी लढायचं आणि त्याचं मोठेपण नाकारायचं नाही, ही समज अत्र्यांकडे होती. आजच्या प्रचारात ती हरवली आहे.

१९५७ चा निकाल

फेब्रुवारी-मार्च १९५७ मध्ये मतदान झालं. द्वैभाषिक मुंबईच्या विधानसभेत ३९६ जागा होत्या. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर काँग्रेसने २३४ जागा घेऊन राज्य टिकवलं. पश्चिम महाराष्ट्रात मात्र १३५ पैकी सुमारे शंभर जागा समितीकडे गेल्या. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, राजापुरातून नाथ पै, मध्य मुंबईतून डांगे लोकसभेत गेले. एस. एम. जोशी पुण्यातून आणि अत्रे दादरमधून विधानसभेत आले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आपल्या कऱ्हाडमध्ये कसेबसे निवडून आले. मताधिक्य दीड-दोन हजारांच्या घरात होतं.

मुंबईत निकाल इतका एकतर्फी नव्हता. दक्षिण मुंबईतून स. का. पाटील पुन्हा लोकसभेत गेले. पण त्याच वर्षी महापालिकेची निवडणूक झाली आणि समितीने पालिका जिंकली. मो. वा. दोंदे समितीचे महापौर झाले आणि त्यांच्यानंतर कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर. ज्या महापौरपदावर पाटील सलग तीन वर्षं बसले होते, त्यावर आता चाळीतल्या मतदाराने आपली माणसं बसवली.

या निकालानंतर दोन नेत्यांनी दोन वाटा धरल्या, आणि माझ्या मते या सगळ्या कथेचं सार तिथेच आहे.

यशवंतराव कऱ्हाडच्या निसटत्या विजयावरून शिकले. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हायचं होतं. नेहरूंनी तुरुंगात लिहिलेल्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकात महाराजांविषयी जे लिहिलं होतं, ते टीकेनंतर त्यांनी पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केलं होतं. पण लोकांच्या मनातला सल गेला नव्हता. वाई, पसरणी घाट, प्रतापगडची वाट काळ्या निशाणांनी भरली. हजारो शेतकरी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. मोरारजींच्या काळासारखा रक्तपात झाला नाही. समितीच्या नेत्यांनी शिस्त राखली आणि सरकारनेही संयम ठेवला. मुंबईच्या कामगारांचा राग दिल्लीला गुंडगिरी वाटला असेल, पण मावळातल्या, साताऱ्यातल्या शेतकऱ्यांची ती शांत रांग नेहरूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

त्यानंतर यशवंतरावांनी हळूहळू दिल्लीला सांगायला सुरुवात केली की हे द्वैभाषिक टिकणार नाही. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष इंदिरा गांधी होत्या आणि विभाजनाला त्या अनुकूल झाल्या. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. पाच हजार वर्षं लागली नाहीत, चौपाटीच्या सभेनंतर साडेचार वर्षं पुरली. काँग्रेस जिवंत होती आणि महाराष्ट्राचं राज्य आणणारीही काँग्रेसच होती.

ज्याने फलटणला नेहरूंच्या बाजूने राहीन म्हटलं, द्वैभाषिक यशस्वी करायची शपथ घेतली, त्याच माणसाने मुंबईसह महाराष्ट्राचा मंगल कलश आणला. शब्द फिरवणं म्हणायचं तर यशवंतरावांनी शब्द फिरवला. पण तो कोणत्या दिशेने आणि कशामुळे, हे लोकांना दिसलं. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. पाच वर्षांपूर्वी ज्याला जेमतेम निवडून दिलं, त्याच्या पदरात त्याच मतदाराने भरभरून टाकलं. समितीचं काम झालं होतं आणि ती विस्कळीत झाली होती, हे कारण आहेच. पण लोक नेत्याला एका वाक्यासाठी जन्मभर फाशी देत नाहीत, हेही त्यातून कळतं. चूक कळली, त्यानुसार वागलात, तर ते माफ करतात.

१९६७

स. का. पाटलांची वाट वेगळी होती. केंद्रात ते सिंचन, अन्न, रेल्वे अशा खात्यांचे मंत्री झाले. अमेरिकेशी गव्हाचा मोठा करार त्यांनी १९६० मध्ये केला. कर्तबगार प्रशासक म्हणून त्यांचा लौकिक होता. पण मुंबई आपली आहे, ती आपल्याला सोडून जाणार नाही, हा विश्वास तसाच राहिला.

१९६७ मध्ये दक्षिण मुंबईत त्यांच्यासमोर जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले. वय ३६, समाजवादी कामगार नेते, महापालिकेत नगरसेवक. प्रचाराच्या काळातला एक किस्सा जॉर्ज आणि त्यांचे सहकारी सांगत. पाटलांना कोणीतरी विचारलं की तुम्हाला कोण हरवू शकतं, आणि पाटील म्हणाले की देवसुद्धा नाही. जॉर्जच्या माणसांनी हे उत्तर पकडलं. देवाला मतदानाचा अधिकार नाही, तुम्हाला आहे, तुम्ही पाटलांना हरवू शकता, या आशयाची भित्तिपत्रकं मुंबईभर लागली. जॉर्जना ४८.५ टक्के मतं मिळाली आणि मुंबईचा अनभिषिक्त राजा हरला. ‘जायंट किलर’ हे बिरुद जॉर्जना तेव्हापासून मिळालं.

चौपाटीवरच्या वाक्याला अकरा वर्षं उलटून गेली होती. भूमिका बदलली होती, राज्य बदललं होतं, पिढी बदलली होती, बोलण्याचा ताठा तेवढा तसाच होता. १९६९ मध्ये पाटील पोटनिवडणुकीत पुन्हा लोकसभेत आले, पण ते मुंबईतून नाही, गुजरातमधल्या बनासकांठामधून.

पुढचा इतिहास सांगताना मन खिन्न होतं. १९७७ मध्ये मोरारजी पंतप्रधान झाले. त्यांच्या पक्षात एस. एम. जोशी होते, मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस होते. ज्यांच्या पोलिसांच्या गोळ्या चळवळीने झेलल्या, त्यांच्यामागे आणीबाणीविरोधी लढ्यात चळवळीचेच लोक उभे राहिले. आणीबाणीसारखं संकट समोर असताना ते समजण्यासारखं होतं. जुलै १९७९ मध्ये मात्र यशवंतरावांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला, जॉर्जनी लोकसभेत सरकारची जोरदार बाजू मांडली आणि काही दिवसांतच राजीनामा देऊन विरोधात गेले. पाटलांना त्यांच्या वाक्यात अडकवणारा नेता स्वतःच्या भाषणात अडकला. त्यानंतर जॉर्जचं नाव निघालं की हे भाषणही निघतं.

मतदाराकडे काय उरतं

बोलण्यात आणि वागण्यात अंतर असणारे नेते एकाच पक्षात नसतात, आणि निवडणुकीच्या हंगामात ते अंतर वाढतं. त्यांना ओळखायचं कसं, याचे तीन निकष या साऱ्या इतिहासातून मिळतात.

पहिला निकष ‘कधीच नाही’ या भाषेचा. लोकशाहीत हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणालाच नाही, कारण निर्णय करणारे लोक पाच वर्षांनी बदलतात. जो नेता ‘कधीच नाही’ म्हणतो, तो विरोधकाशी नाही, उद्याच्या मतदाराशी भांडतो. त्याला मत देताना दहा वेळा विचार करावा.

दुसरा निकष शब्द फिरवण्याच्या कारणाचा. यशवंतरावांनी शब्द फिरवला तो निकाल वाचून, रस्त्यावरची रांग पाहून. खुर्ची वाचवण्यासाठी, पक्ष बदलण्यासाठी, रात्रीत सत्तेचं गणित जुळवण्यासाठी फिरवलेला शब्द वेगळा. दोन्हीला एकाच तराजूत तोलू नये. ज्याचा बदल लोकांच्या जवळ नेतो तो प्रामाणिक, ज्याचा बदल फक्त पदाच्या जवळ नेतो तो नाही.

तिसरा निकष विरोधकाला काय म्हटलं जातं याचा. मागणी करणाऱ्याला गुंड, देशद्रोही, परका म्हणणं सोपं असतं. उद्या ती मागणी मान्य झाली तर त्या शब्दांचं काय करणार, हे त्याच दिवशी विचारलं पाहिजे. १९५६ मध्ये ते कोणी विचारलं नाही, म्हणून त्या शब्दांची भरपाई कधी झाली नाही.

फ्लोरा फाउंटनच्या चौकाला आज हुतात्मा चौक म्हणतात. तिथे कोरलेल्या नावांपैकी एकालाही मुंबईसह महाराष्ट्र पाहायला मिळाला नाही. नेत्यांनी बोललेल्या बेजबाबदार वाक्यांची किंमत बोलणारे क्वचितच मोजतात. ती दुसरे कोणी तरी देतात. म्हणून यापुढे निवडणूक आली की जाहीरनामा वाचा, पण त्याबरोबर त्या माणसाने पाच वर्षांपूर्वी काय म्हटलं होतं, तेही शोधून काढा आणि त्याला तोंडावर विचारा. १९५७ मध्ये कऱ्हाडच्या, पुण्याच्या, गिरणगावच्या सामान्य माणसाने हेच केलं, आणि त्याच्याजवळ मतपत्रिकेखेरीज दुसरं कोणतंही हत्यार नव्हतं.